बोट ओलं होईना : वारंवार तोंड येण्याचं एक प्रकरण

पेशंट ५१ वर्षांचे, एका पतसंस्थेत कॅशिअर. कृष्णाकाठचं गाव, दोन एकर ऊस, गळ्यात तुळशीची माळ. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, बाकी सगळं माझ्या केसपेपरवर आहे तसंच. त्यांना इथे काका म्हणतो, दवाखान्यातही तेच म्हणतो.

पहिल्यांदा आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच खालचा ओठ दोन बोटांनी बाहेर उलटा करून दाखवला. "डॉक्टर, दहा महिने झाले, तोंड आलेलं जातच नाही. एक बरं होतंय तोवर दुसरं तयार. आमटी-भाकरी सुटली, दहीभातावर आहे."

तोंड येणं हा आपल्याकडचा भलताच ऐसपैस शब्द. जिभेची आग, बुरशीचा पांढरा थर, केमोथेरपीनंतर सोलवटलेलं तोंड, दाताच्या धारेनं पडलेली जखम, सगळ्याला आपण तोंड आलं म्हणतो. त्यामुळे आधी नीट बघावं लागतं. काकांच्या ओठाच्या आत दोन आणि जिभेच्या डाव्या कडेला एक असे तीन व्रण होते. प्रत्येक ३-४ मिलिमीटरचा, गोल, तळ पिवळसर पांढरा आणि भोवती लाल कड. बोटाला मऊ लागत होते. प्रत्येक व्रण आठदहा दिवसांत डाग न ठेवता भरत होता आणि पुढचा दुसऱ्याच जागी उगवत होता. म्हणजे ॲफ्थस अल्सर, त्यातला छोटा प्रकार. दंतवैद्यकाच्या पहिल्या पुस्तकातलं चित्र.

त्यांना खरी भीती कॅन्सरची होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा जबडा कॅन्सरमुळे काढावा लागला होता. ते बघून आल्यावर काकांनी २६ वर्षांची तंबाखू एका दिवसात सोडली. चुन्याची डबी विहिरीत टाकली म्हणे. (गळ्यात माळ असून तंबाखू कशी, हा प्रश्न मी विचारला नाही. आमच्याकडे तो कुणी विचारत नाही.) आणि तंबाखू सुटून महिना-दीड महिना होतोय तोच तोंड यायला लागलं. मेव्हण्यानं निदान करून टाकलं : तंबाखूनं तोंड राखलं होतं, सोडली म्हणून बाहेर पडलं, आता रोज थोडी चालू ठेव.

मेव्हण्याचं निम्मं बरोबर होतं, हीच पंचाईत. तंबाखू खाणाऱ्यांना आणि ओढणाऱ्यांना ॲफ्थस कमी होतात आणि सोडल्यावर काहींना ते काही काळ वाढतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एक स्पष्टीकरण असं, की रोजच्या चटक्यानं आतली कातडी जाड, राठ होते आणि ॲफ्थस पातळ, मऊ कातडीवरच होतो. टाळूचा पुढचा कडक भाग किंवा दाताला घट्ट चिकटलेली हिरडी इथे तो सहसा दिसतच नाही. काकांच्या तोंडात हे नकाशासारखं दिसत होतं. डाव्या खालच्या गालफडात, चिमूट ठेवायची जागा, कातडी अजून पांढुरकी आणि सुरकुतलेली होती. तिथे दहा महिन्यांत एकही व्रण आला नव्हता. सगळे व्रण आजूबाजूच्या मऊ भागात. पण जी कातडी राठ होऊन व्रण थोपवते तीच पुढे कॅन्सरची जागा होऊ शकते. तेव्हा मेव्हण्याचा सल्ला तिथेच खोडून काढला. जो व्रण एकाच जागी दोन आठवड्यांच्या वर राहतो, कडेनं टणक लागतो, दुखत नाही तरी भरत नाही, त्याला मी घाबरतो, तुमच्या या फिरत्या व्रणांना नाही, असं समजावलं. काकांचा चेहरा उतरलेला होता तो जरा सावरला.

इथवर माझं काम चोख झालं. पुढची दहा मिनिटं मी वाया घालवली.

काही औषधं चालू आहेत का, विचारलं. "नाही." मी केसपेपरवर 'नाही' लिहिलं. क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्क्याचं माउथवॉश दिवसातून दोनदा, व्रणावर लावायला स्टेरॉइडचा मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल लिहून दिल्या. "जंतू कमी झाले की बरं वाटेल," हे माझंच वाक्य. माउथवॉश किती दिवस, ते तोंडानं सांगितलं असेन कदाचित, पण चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं.

काका शिस्तीचा माणूस. चार महिने, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता त्यांनी गुळण्या केल्या. बाटली संपली की मेडिकलमधून दुसरी. परत आले तेव्हा दात चहाच्या गाळणीसारखे तपकिरी झाले होते, तोंडाला चव नव्हती आणि व्रण होते तसेच.

या वेळी ते बसले, आणि बोलता बोलता खिशातून पावती काढताना सवयीनं बोट जिभेला लावलं. मग बोटाकडे बघून म्हणाले, "हे एक सांगायचं राहिलंच. पूर्वी नोटा मोजताना बोट जिभेला लावलं की पन्नास नोटा सुटायच्या. आता बोट ओलंच होत नाही. संस्थेनं स्पंज दिलाय पाण्याचा." आणि हसले. त्यांना ती गंमत वाटत होती. मी मात्र हातातला आरसा तसाच त्यांच्या गालाच्या आत टेकवला आणि बाजूला घेऊ लागलो. आरसा गालाला चिकटला. सुटताना किंचित ओढ लागली. ओल्या तोंडात आरसा घसरतो, चिकटत नाही. जीभ वर करायला सांगितली. जिभेखाली एरवी लाळेचं जे छोटं तळं साचलेलं असतं, ते नव्हतं. कडेला फेसाची एक पांढरी रेघ तेवढी होती.

हे सगळं पहिल्या भेटीतही असणारच. मी व्रणांकडे बघत होतो, त्यांच्या भोवती काय नाही याकडे बघितलं नाही.

लाळ मोजायला फार साहित्य लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दीड तास काही न खातापिता, काकांना शांत बसवलं. मान थोडी खाली, हातात प्लास्टिकचा कप, तोंडात येईल तेवढंच कपात सोडायचं, मुद्दाम ओढून थुंकायचं नाही. दहा मिनिटं. मग सुई काढलेल्या सिरिंजनं मोजलं. निरोगी माणसाची अशी आपोआप झिरपणारी लाळ मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर धरतात, म्हणजे दहा मिनिटांत ३ मिलिलिटर. मिनिटाला ०.१ च्या खाली गेली की तोंड कोरडं असं आम्ही लिहितो. काकांची दहा मिनिटांची सगळी मिळून ०.८ मिलिलिटर भरली, म्हणजे मिनिटाला ०.०८. "२६ वर्षं पिचकाऱ्या मारल्या," ते म्हणाले, "आणि आता तुमच्या कपाचा तळही झाकेना."

मग मेणाचा तुकडा चघळायला देऊन पाच मिनिटं पुन्हा मोजली. या वेळी साडेचार मिलिलिटर निघाली, मिनिटाला ०.९. चघळल्यावर ०.७ च्या वर असेल तर ग्रंथी शाबूत आहेत असं समजतात. ही दुसरी मोजणी माझ्या मते जास्त महत्त्वाची, कारण तिच्यामुळे प्रश्नच बदलला. डोळे कोरडे पडत नव्हते, कानाखाली सूज नव्हती. विहिरीत पाणी होतं, मोटर कुणीतरी बंद करत होतं.

"काका, औषधं चालू नाहीत म्हणालात. गोळी, कसलीही, रोजची?"

"गोळी होय? ती काय औषध नव्हे. रात्री एक आहे डोक्याची. आणि सकाळी शिंकांची, जुन्या नोटांची धूळ असते ना."

रात्रीची गोळी होती ॲमिट्रिप्टिलिन, २५ मिलिग्रॅम. तंबाखू सोडल्यावर झोप उडाली, अर्धशिशी वाढली, म्हणून फिजिशियननी दिलेली. योग्यच दिलेली. सकाळची सेट्रिझिन, दीड वर्षापासून, मेडिकलवाल्याकडून परस्पर. लाळग्रंथींना काम करा असा निरोप नेणाऱ्या चेतासंस्थेच्या तारेवरच पहिली गोळी हात ठेवते, दुसरीमुळेही तोंड सुकतं. शिवाय त्याच सुमारास तंबाखू सुटलेली. तासातासाला चिमूट चघळणाऱ्या माणसाच्या ग्रंथींना दिवसभर टोचणी असते, ती एका दिवसात थांबली. आणि तोंड सुकतं म्हणून काका तंबाखूच्या जागी लिमलेटच्या गोळ्या चोखत होते. कोरड्या तोंडात साखर म्हणजे दातांच्या मुळाशी कीड, ती दोन दातांना लागलेली सापडली.

आता लाळ कमी झाल्याचा आणि व्रणांचा संबंध काय? इथे जपून बोलायला हवं, कारण ॲफ्थस होणाऱ्या प्रत्येकाची लाळ कमी नसते. अनेकांची अगदी व्यवस्थित असते. ॲफ्थसचं एकच एक कारण अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. घरात आईवडिलांना असणं, लोह किंवा बी-१२ कमी असणं, गाल चावला जाणं, जागरण, परीक्षा, मार्चअखेर, अशा बऱ्याच गोष्टी त्याला ठिणगी देतात आणि शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशी त्या जागी कातडीवर चाल करतात. पण ठिणगी कुठे पडते, ओल्या गंजीवर की सुक्या, याला अर्थ आहे.

लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर बनते आणि तिच्यात ९९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या एका टक्क्यात सगळी करामत. त्यातलं म्यूसिन हे चिकट प्रथिन आतल्या कातडीवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असा थर धरून ठेवतं. सारवलेल्या जमिनीवर जसा शेणाचा हात असतो तसा. तो वाळला की जमीन पोपडे धरते. भाकरीची कड, चिवड्यातला शेंगदाणा, ब्रशचं टोक, एरवी जे घसरून गेलं असतं ते आता ओरखडून जातं. याच एका टक्क्यात जंतूंना चिकटू न देणारी आयजीए ही प्रतिपिंडं, त्यांच्या भिंती फोडणारं लायसोझाइम, त्यांच्या तोंडचं लोह पळवणारं लॅक्टोफेरिन, जखम भरायला मदत करणारं हिस्टॅटिन आणि आम्लता मारणारं बायकार्बोनेट असतं.

आणि जंतू. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा कोटी. ऐकून लोक तोंड वाकडं करतात. तोंडात राहू शकणाऱ्या जंतूंच्या सुमारे ७०० जाती मोजल्या गेल्यात, प्रत्येक माणसात त्यातल्या शेदोनशे. आमच्या धंद्याची जुनी खोड अशी, की व्रण दिसला की त्याचा एक गुन्हेगार जंतू शोधायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्ट्रेप्टोकोकसच्या एका प्रकारावर असाच आळ घेतला गेला, पुढे पोटातल्या हेलिकोबॅक्टरवरही. दोन्ही खटले टिकले नाहीत. आता प्रश्न वेगळा विचारतात : कोणता जंतू आला, यापेक्षा कोणता निघून गेला? दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ॲफ्थसच्या रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या तोंडातले जंतू ताडून पाहिले. रुग्णांत स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस, म्हणजे जिभेवर बाळपणापासून वस्ती करणारा आपला घरचाच जंतू, कमी होता आणि ॲसिनेटोबॅक्टर जॉन्सोनाय हा उपरा जास्त. प्रयोगशाळेत हिरडीच्या पेशींना हा उपरा पहिल्यापेक्षा जास्त घातक ठरला. एका अभ्यासावर घर बांधू नये, आणि वस्ती बिघडली म्हणून व्रण झाला की व्रण झाला म्हणून वस्ती बिघडली हेही त्यातून ठरत नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे.

मग चार महिन्यांच्या माझ्या माउथवॉशनं काय केलं असेल? इंग्लंडमध्ये प्लिमथला ३६ निरोगी माणसांना फक्त सात दिवस क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करायला दिल्या, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. जंतूंची वस्ती तर बदललीच, पण लाळही जास्त आम्लधर्मी झाली आणि आम्लता मारायची तिची ताकद घटली. ही निरोगी, भरपूर लाळ असलेली माणसं. जाता जाता : जिभेवरचे काही जंतू पालेभाजीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करून देतात, ते शरीर रक्तदाब आटोक्यात ठेवायला वापरतं. हे माउथवॉश त्यांनाही मारतं. दात काढल्यावर, हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवस ते उत्तम आहे, मी आजही देतो. महिनोन्‌महिने देणं ही चूक होती.

हे मी काकांना समजावू लागलो तर त्यांनीच मला थांबवलं. "म्हणजे तणनाशकासारखं की." मी विचारलं, फवारल्यावर रानात आधी काय उगवतं? "लव्हाळा. तो कुठं मरतोय. तुमचं बारीक गवत मरतं, लव्हाळ्याला रान मोकळं." माझ्याकडे याहून चांगलं वाक्य नव्हतं.

रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ११.६, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) ९, बी-१२ १६८. साखर ठीक. लोह आणि बी-१२ दोन्ही तळाला. माळकरी जेवण, दूध चहापुरतं, आणि ताटाबरोबर कपभर चहा, म्हणजे भाजीतलं लोहही पुरतं अंगी लागत नाही. बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल चार महिने खाऊन हे असं. यात नवल नाही. रोजच्या गरजेइतक्या मात्रेचं मल्टिव्हिटॅमिन वर्षभर देऊनही ॲफ्थस कमी होत नाहीत, असं अमेरिकेतल्या २०१२ च्या चाचणीत दिसलं होतं. उलट इस्राएलमध्ये २००९ साली नुसतं बी-१२, पण रोज १००० मायक्रोग्रॅम, जिभेखाली, सहा महिने दिलं तर शेवटच्या महिन्यात ७४ टक्के लोकांना एकही व्रण आला नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. ते ३२ टक्केही लक्षात ठेवण्यासारखे. हा आजार आपला आपणही माघार घेतो, आणि श्रेय त्या आठवड्यात जो काही उपाय चालू असेल त्याला मिळतं, जाईचा पाला असो की डॉक्टर.

केलं ते असं. माउथवॉश बंद, त्याऐवजी जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याची चूळ. फिजिशियनना चिठ्ठी दिली, लाळेचे आकडे लिहून. त्यांनी ॲमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करत अर्धशिशीसाठी वेगळ्या गटातलं औषध दिलं आणि सेट्रिझिनच्या जागी नाकातला स्प्रे. (ॲमिट्रिप्टिलिन एकदम मनानं बंद करायची नसते, हे काकांना तीनदा बजावलं. शिस्तीच्या माणसाला बजावणं सोपं असतं.) बी-१२ आणि लोह सुरू केलं, चहा जेवणानंतर तासानं. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट. तिचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही, तीन महिने वापरून बघायला काही बिघडत नाही. लिमलेट बंद, खिशात भाजलेली बडीशेप. किडलेले दोन दात भरले, जिभेला घासणारी दाढेची एक धार गुळगुळीत केली. मलम मात्र चालू ठेवला, चुणचुण सुरू झाल्या झाल्या लावायचा, व्रण फुलल्यावर नाही.

आणि काकांना म्हटलं, तारखा लिहून ठेवा. कॅशिअरला असं सांगितलं की काय होतं ते महिन्यानं कळलं. त्यांनी रोजमेळाची वही आणली. डावीकडे जमा : व्रणाची जागा आणि आल्याची तारीख. उजवीकडे नावे : भरल्याची तारीख. दिवसाखेरीस शिल्लक. पहिल्या महिन्यात ३० पैकी १७ दिवस तोंडात काही ना काही शिल्लक होतं. औषध बदलून सहा आठवडे झाल्यावर लाळ मिनिटाला ०.२ झाली, चौथ्या महिन्यात ०.२८. त्या महिन्यात शिल्लकेचे दिवस पाच. फेरिटिन हळू चढलं, बी-१२ लवकर.

नेमकं कशानं गुण आला ते मी सांगू शकत नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायचा धीर मला नव्हता आणि काकांनाही नव्हता. तंबाखू सोडल्यानंतरची वाढ तेवढ्या काळात आपोआप ओसरली असेल. बी-१२ नं काम केलं असेल. लाळेचा वाटा किती, हे एका पेशंटवरून कळत नाही. माझा कौल लाळेकडे आहे, पण तो कौल आहे, पुरावा नाही. मार्चअखेरीला, रात्री अकरापर्यंत ताळा जुळवत बसल्यावर, चार व्रण एकदम आले. लाळ तेव्हा चांगली होती.

माझ्या केसपेपरमध्ये एक बदल झाला. 'काही औषधं चालू आहेत का' ही ओळ काढून 'कोणत्या गोळ्या घेता, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या धरून' अशी छापून घेतली. आणि माउथवॉश लिहिलं की पुढे दिवसांचा आकडा लिहितो, भोवती गोल करून.

गालफडातली पांढुरकी जागा आता बोटाला आजूबाजूसारखीच लागते, तरी दर सहा महिन्यांनी बघतो. तंबाखू परत सुरू झालेली नाही. मेव्हणा अजून खातो. संस्थेतला स्पंज टेबलावर तसाच आहे, नोटांवरची धूळ जिभेवर घ्यायची नाही असं आता काकांनीच ठरवलंय. आषाढात ते लोणंदपासून पंढरपूरपर्यंत पायी गेले. आले तेव्हा वही पुढे केली. वारीच्या दिवसांत एकच नोंद होती : खालचा ओठ, डावीकडे, फलटण मुक्काम. नावे टाकलेली तारीख चार दिवसांनंतरची.